६१७४ : खेळ की गणित ?

हा लेख वाचण्यापूर्वी कागद आणि पेन्सिल हाताशी घ्यावी. कोणतीही एक चार अंकी संख्या लिहा. अट एकच : चारही अंक सारखे नसावेत. समजा, ४८३१ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ८४३१ ही मोठ्यात मोठी संख्या मिळते. चढत्या क्रमाने लिहिले की १३४८ ही लहानात लहान. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा.

८४३१ – १३४८ = ७०८३
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४
७६४१ – १४६७ = ६१७४

आता कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ हेच उत्तर येणार. तुम्ही दुसरी कोणतीही संख्या घेऊन पाहा, फार तर सात पायऱ्यांत याच संख्येपाशी येऊन थांबाल. आमच्या स्टाफरूममध्ये कन्नड विभागाच्या एका सहकाऱ्यांनी आपल्या स्कूटरचा नंबर घेऊन हे करून पाहिले. तीन पायऱ्यांत गाडी ६१७४ वर आली. त्यात नवल नाही. १००० ते ९९९९ या संख्यांपैकी २१२४ संख्या बरोबर तीन पायऱ्यांतच तेथे पोचतात, आणि इतर कोणत्याही पायरीवर इतकी गर्दी नाही. पूर्ण सात पायऱ्या लागणाऱ्याही १९८० आहेत.

ही संख्या शोधून काढली ती आपल्याच एका मराठी शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीस शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधन-संस्था नाही, मार्गदर्शक नाही. संध्याकाळी घरी येऊन आकडेमोड करावी, निष्कर्षांच्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापाव्यात, गणित परिषदांना जावे, असा त्यांचा क्रम. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ चा हा गुणधर्म मांडला; १९५५ मध्ये त्यावरील त्यांचे टिपण 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात आले. पण त्यांचे नाव खऱ्या अर्थाने जगभर झाले ते मार्च १९७५ मध्ये, जेव्हा मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. म्हणजे शोध मांडल्यावर सव्वीस वर्षांनी.

असो. माझी आणि या संख्येची गाठ पडली ती सांवेरला. सांवेर हे माझे आजोळ. इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत लागणारे तालुक्याचे गाव. आमच्या बेळगावकडच्या वाचकांना ते ठाऊक असण्याचे कारण नाही; माळव्यात मात्र ते उलट्या हनुमानासाठी प्रसिद्ध आहे. तेथील देवळात मारुतीची मूर्ती डोके खाली अशी आहे. होळकरांच्या मुलखात मराठी घरे पुष्कळ. त्यांतलेच आमचे आजोळचे घर. मामा मंडीत एका अडत्याच्या दुकानी मुनीम होते. दिवसभर गव्हाच्या पोत्यांचा हिशेब, संध्याकाळी कीर्द आणि खतावणी. आकड्यांवर त्यांचा जीव होता, पण विश्वास नव्हता. "आकडा आपणहून खोटं बोलत नाही, पण लिहिणाऱ्याचा हात बोलतो," असे ते म्हणत.

१९८० च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी नववीची परीक्षा देऊन तेथे गेलो असता, मामांनी एका मासिकातले जुने कात्रण मला दाखवले. त्यात कापरेकरांची थोडी माहिती आणि ६१७४ ची कृती होती. दुपारी बाहेर पडण्याची सोय नसे, इतके ऊन. मी ओसरीवर बसून वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर वजाबाक्या करत सुटलो.

पहिल्याच दिवशी मी नियम मोडून दाखवला! २१११ घेतली : २१११ – १११२ = ९९९. पुढे ९९९ – ९९९ = ०. मामांकडे धावत गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "अरे, चार खणांची पेटी आहे ना? मग एक खण रिकामा झाला म्हणून पेटी तीन खणांची होते का?" उत्तर ०९९९ असे लिहावयास हवे होते. मग ९९९० – ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. शून्य गाळायचे नाही, हा या खेळाचा पहिला धडा मी असा शिकलो.

दुसरा धडा जास्त महागात पडला असता. कात्रणात कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ दिले होते. मी म्हटले, त्यांच्या जन्मवर्षालाच किती पायऱ्या लागतात पाहू. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४ अशी पाच उत्तरे आली. सहावी पायरी : ६६४२ – २४६६ = ४२७६. सातवी ५१७५, आठवी ५९९४... मी मोजतच राहिलो. ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि अखेर तेराव्या पायरीवर ६१७४! कात्रणात तर 'जास्तीत जास्त सात' असे छापले होते. म्हणजे ज्या मास्तरांनी नियम सांगितला त्यांच्याच जन्मवर्षाने तो मोडला. मला कोण आनंद झाला! मी ताबडतोब एक पोस्टकार्ड आणले, 'आदरणीय कापरेकर गुरुजी यांस सा. न. वि. वि.' असा मायना घातला आणि त्यांची चूक, अत्यंत नम्रपणे, त्यांच्या नजरेस आणून दिली. नाव आणि 'देवळाली, जि. नाशिक' एवढा पत्ता पुरेल अशी माझी खात्री होती.

मामा संध्याकाळी आले. पोस्टकार्ड पेटीत टाकण्यापूर्वी त्यांनी ते मागून घेतले. मुनीमाच्या घरातून ताळा पाहिल्याशिवाय आकड्याचा कागद बाहेर जात नसे. त्यांनी एकही वजाबाकी केली नाही. नुसते बोट आकड्यांवरून फिरवले आणि ४२७६ वर थांबले. "चार, दोन, सात, सहा. एकोणीस. ही रक्कम खोटी आहे."

त्यांनी नऊचा ताळा पाहिला होता. एकाच चार अंकांची उलटसुलट मांडणी करून दोन संख्या लिहिल्या, तर दोघींच्या अंकांची बेरीज एकच असते. म्हणून नऊने भागता दोघींची बाकीही एकच उरते आणि त्यांच्या वजाबाकीला नऊने निःशेष भाग जातो. म्हणजे उत्तराच्या अंकांची बेरीज ९, १८, २७ अशीच हवी. १९ असूच शकत नाही. कीर्दीतून खतावणीत रक्कम चढवताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर येणारी तूट नऊच्या पाढ्यातली असते, ही गोष्ट हिशेबनिसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मामांनी तीच उलट बाजूने वापरली. मी ६६४२ तून २४६६ वजा करताना शतकाच्या घरातून हातचा घेतला होता आणि तेथे तो कमी करायला विसरलो होतो. खरे उत्तर ४१७६. पुढची पायरी ७६४१ – १४६७, म्हणजे ६१७४. एकूण पायऱ्या सातच.

ते पोस्टकार्ड गेले नाही. पण मामांनी मला सोडलेही नाही. "तुझी रक्कम खोटी निघाली, म्हणजे त्यांची खरी ठरली असं नाही. तू किती संख्या करून पाहिल्यास? दोनशे? संख्या आहेत दहा हजार. बाकीच्यांचा ताळा कुणी पाहिला?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे मी बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षास असताना गणिताच्या एका प्राध्यापकांना हाच प्रश्न विचारला. त्यांनी ६१७४ हे नाव ऐकताच हसून सांगितले की हा आकड्यांचा खेळ आहे, गणित नव्हे. वेळ वाया घालवू नये. ते उत्तर मला फार लागले. आता इतक्या वर्षांनंतर पाहता, त्यांच्या म्हणण्यामागे मोठी परंपरा होती हेही कळते. जी. एच. हार्डी यांनी, म्हणजे ज्यांनी रामानुजनला ओळखले त्यांनीच, १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशाच काही संख्यांचा समाचार घेतला आहे. ८७१२ आणि ९८०१ या आपल्या उलट संख्यांच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट आहेत (२१७८ × ४, १०८९ × ९); १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या आहेत. हार्डींच्या मते अशा गोष्टी कोड्यांच्या सदरांना शोभतात. गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नसते. कारण त्यांतून पुढे काही निघत नाही.

हा आक्षेप खोटा नाही. ६१७४ ची सारी जादू आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो म्हणून आहे. आठच्या पायावर लिहिणाऱ्या जगात हा गुणधर्म राहत नाही. त्याउलट ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७ हे कोणत्याही पायावर खरेच. (या संख्येच्या अंकांची बेरीज १८, तिला १८ ने भागले की ३४३, म्हणजे ७ चा घन येतो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' हे नाव दिले. शिवाय १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन, म्हणजे १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. हे मात्र मला निव्वळ योगायोगाचे वाटते.)

पण मामांचा प्रश्न वेगळा होता. 'बाकीच्यांचा ताळा कुणी पाहिला?' हा प्रश्न खेळाचा नाही. त्याचे उत्तर मला १९८४ च्या दिवाळीत सांवेरलाच सापडले, आणि तेही सालांशी खेळता खेळता. १९७५ घेतले : ९७५१ – १५७९ = ८१७२. १९४६ घेतले : ९६४१ – १४६९ = ८१७२. पुन्हा तेच! दोन निराळ्या संख्या पहिल्याच पायरीवर एकत्र कशा आल्या?

अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड असे माना. मोठी संख्या १०००अ + १००ब + १०क + ड. लहान संख्या १०००ड + १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की उरते

९९९ (अ – ड) + ९० (ब – क).

म्हणजे चार अंक महत्त्वाचे नाहीतच! महत्त्वाचे दोनच फरक : टोकाच्या दोन अंकांतला 'बाहेरचा' फरक आणि मधल्या दोहोंतला 'आतला' फरक. १९७५ मध्ये बाहेरचा फरक ९ – १ = ८ आणि आतला ७ – ५ = २. १९४६ मध्येही ८ आणि २. दोन्हींचे उत्तर ९९९ × ८ + ९० × २ = ८१७२ यावाचून दुसरे काही येऊच शकत नव्हते.

आता मोजा. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही असेल (सगळे अंक सारखे असतील तरच तो ०). आतला फरक ० पासून बाहेरच्या फरकापर्यंत. त्याहून मोठा असूच शकत नाही, कारण मधले अंक टोकांच्या दरम्यानच असतात. म्हणून जोड्या किती? २ + ३ + ४ + ... + १० = ५४. बस्स. पुढे शून्ये लावून लिहिलेल्या धरून एकूण ९९९० संख्या आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व पहिल्या पायरीवर अवघ्या ५४ संख्यांत येऊन कोसळतात. मामांच्या दहा हजार रकमांचा ताळा ५४ ओळींत बसला.

या ५४ मध्येही पुष्कळ जणी एकमेकींच्या बहिणी आहेत. आतला फरक शून्य नसेल तर उत्तराचे चार अंक, बाहेरचा फरक प आणि आतला फ धरला असता, क्रमाने प, फ – १, ९ – फ, १० – प असे येतात. (प = ६, फ = २ घालून पाहा : ६, १, ७, ४.) यात प च्या जागी १० – प घातले तरी अंक तेच, फक्त जागा बदलतात, ६१७४ आणि ४१७६ या अशाच बहिणी. अशा बहिणी एकत्र केल्या की अंकांचे अवघे ३० गट उरतात. तीस वजाबाक्या, दिवाळीच्या एका संध्याकाळचे काम.

मी त्या वजाबाक्या सुलट न करता उलट बाजूने मांडल्या. सांवेरच्या मारुतीचा गुण म्हणा. ६१७४ ला मध्यभागी लिहिले आणि विचारले, ५४ पैकी कोणकोण थेट येथे येतात? तीनच : ४१७६, ८३५२ आणि ८५३२. शेवटच्या पायरीवर या तीन दारांनीच आत येता येते. मग प्रत्येक दाराशी कोण येतो ते लिहिले. मग त्यांच्या दाराशी कोण. अशी एक वंशावळ तयार झाली. ५४ ही नावे तीत बसली, एकही बाहेर राहिले नाही, आणि कोणाचीही पायरी सहाच्या पुढे गेली नाही. ५४ मध्ये येण्याची पहिली पायरी धरून सात. कात्रणातला सात हा आकडा शेवटी माझ्या कागदावर उतरला. ज्या १९४९ साली कापरेकरांनी हे मद्रासला सांगितले ते साल स्वतः पूर्ण सात पायऱ्या घेते : ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी, कारण परीक्षेतल्या उत्तरांतही ही चूक होते. ६१७४ ही एकच संख्या स्वतःकडे परतते, एवढे दाखवून काम भागत नाही. बाकीच्या संख्या तिच्याकडे न येता आपसांत गोल फिरत राहण्याची शक्यता उरते. दोन अंकी संख्यांत नेमके तेच होते : ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. तीन अंकीचे प्रकरण सरळ आहे. वजाबाकी नेहमी ९९ पट येते, म्हणून उत्तरे नऊच शक्य, आणि ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ अशी साखळी ४९५ वर थांबते. उरलेल्या १९८, २९७ आणि ३९६ या अनुक्रमे ८९१, ७९२ आणि ६९३ च्या बहिणी. सहा अंकीत थांबण्याच्या जागा दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय एक चक्र. सर्वांना एकाच जागी आणणे हे तीन आणि चार अंकांनाच साधले आहे असे या उदाहरणांवरून दिसते, आणि असे का, हा प्रश्न मला खेळाचा वाटत नाही.

माझ्या त्या प्राध्यापकांचे म्हणणे आज मी अर्धे मान्य करतो. नुसत्या संख्या तपासत बसणे हे गणित नव्हे, हे खरे. पण ज्या माणसाला विद्यापीठाची खोली नव्हती त्याने शाळा सुटल्यावर दहा हजार संख्यांच्या रानात हे एक घर पाहिले, ते पाहिल्याशिवाय ५४ ओळींची सिद्धता कोणी मांडायला घेतली असती? देवळालीच्या नावाने त्यांनी आणखी एक संख्यावर्ग रूढ केला : जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही ती 'देवळाली संख्या'. उदाहरणार्थ २०. १५ घ्या, १५ + १ + ५ = २१. १९ घ्या, १९ + १ + ९ = २९. २० कशातूनच निघत नाही. तिला स्वयंभू असेही म्हणतात. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. ५४ ओळींचा कागद तयार झाल्यावर त्यांना दुसरे, बरोबर पत्र लिहावे असे मी दोन वर्षे ठरवत होतो. लिहिले नाही. १९८६ या सालाची पहिली वजाबाकीही ८१७२ च येते.

कागद मात्र मामांनी तपासला. पाडव्याच्या वहीपूजनानंतर लाल शाई घेऊन बसले. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज घेतली, प्रत्येक वजाबाकी पुन्हा केली. एका ठिकाणी मी ८ चा ३ वाटावा असा काढला होता तो सुधारला. खाली नेहमीप्रमाणे 'ताळा बरोबर' असे लिहून सही केली. मग विचारले, "आणि पाच आकडी?"

मी ५३९५५ घेतली. ९५५५३ – ३५५५९ = ५९९९४. पुढे ९९९५४ – ४५९९९ = ५३९५५. पुन्हा ५९९९४. पुन्हा ५३९५५. मामांनी चारदा करून पाहिले, दोन्ही वेळा सत्तावीस आणि छत्तीस असा नऊचा ताळा जमला, आणि लेखणी खाली ठेवली.

"ही तर इंदूर–उज्जैन बस झाली," ते म्हणाले. "नुसत्या फेऱ्या. उतरायचं आपल्याला मध्येच, सांवेरला."